खोर अल-अदैदची सहल आणि एक डिझेल इंजिन

"कतारमध्ये बघायचं तरी काय हो?" भारतातून पाहुणे यायचे ठरले की हा प्रश्न फोनवर हमखास येतो. सूक वाकिफ झालं, म्युझियम झालं, कॉर्निशवर संध्याकाळची फेरी झाली, की दोन दिवसांत दोहा संपली असं पाहुण्यांना वाटू लागतं. मग आम्ही हुकमाचं पान टाकतो. खोर अल-अदैद! वाळवंट संपतं तिथे समुद्र सुरू होतो हे आपण ऐकलेलं असतं, पण इथे समुद्रच वाळवंटात शिरून बसला आहे.

२०२५ च्या नोव्हेंबरात अशीच सहल निघाली. आम्ही चार कुटुंबं, दोन मोठ्या गाड्या, शनिवारची सकाळ. डब्यांत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि वहिनींच्या हातच्या अळूवड्या. ह्या वेळी सोबत एक खास पाहुणे होते, आमच्यातल्या एकीचे वडील. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. काका बोईसरचे. उभी हयात तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांत जनरेटर आणि मोटारी दुरुस्त करण्यात गेली. अणुवीज केंद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, पण आत कधी काम केलं नाही. "आम्ही शेजारी," एवढंच ते म्हणतात.

दोहा सोडून वक्र्याच्या दिशेने निघालं की डाव्या हाताला समुद्राकाठी रास अबू फोंतासच्या चिमण्या दिसू लागतात. काकांनी लगेच विचारलं, "हे काय, पॉवर हाऊस?" मागच्या सीटवरून आमच्या चिरंजीवांनी उत्तर दिलं, "आजोबा, इथे लाइट पण बनते आणि पाणी पण बनतं." काका खो खो हसले. "अरे, आमच्याकडे पाणी येतं नाहीतर येत नाही. बनत नाही कधी!"

पण पोराचं बरोबर होतं. ह्या देशात एकही नदी नाही. प्यायचं पाणी जवळजवळ सगळं समुद्रातून येतं, पूर्वी ते उकळून करायचे, अलीकडे पडद्यांतून दाबाने गाळूनही करतात. आपण नळ सोडतो तेव्हा आपल्या हे ध्यानातही नसतं. आम्हीसुद्धा इतकी वर्षं राहून कधी विचार केला नव्हता. तो करायला लावला २०२५ सालाने. त्या वर्षीच्या मार्चमध्ये कतारच्या पंतप्रधानांनी एका अमेरिकन मुलाखतीत सांगितलं की, इराणच्या बुशहर अणुवीज केंद्रावर हल्ला होऊन समुद्र दूषित झाला तर काय होईल ह्याचा हिशेब देशाने पूर्वीच करून पाहिला होता. उत्तर आलं होतं, तीन दिवसांत पाणी संपेल. म्हणून मग प्रचंड टाक्या बांधायला घेतल्या. उम्म सलाल, उम्म बिरका, रौदत राशिद, अबू नख्ला आणि अथ-थुमामा अशा पाच ठिकाणी काँक्रीटचे महाकाय हौद उभे राहिले आणि २०१८ च्या डिसेंबरात त्यांचं उद्‌घाटन झालं. सात दिवस पुरेल एवढा साठा असावा हा उद्देश. सलवा रोडवरून जाताना आपण त्यांच्या शेजारून कितीदा गेलो असू, बघा!

मेसईदचे कारखाने मागे पडले, सीलाइनला गाड्या थांबल्या. इथे टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे वाळूत चाक रुतत नाही. पुढे रस्ता नाहीच. एकामागून एक टेकड्या, नुसती वाळू. गाडी चढते तेव्हा समोर फक्त आकाश, आणि उतरते तेव्हा पोटात गोळा. वहिनींनी रामरक्षा सुरू केली. मुलांना मात्र जत्रेतल्या पाळण्याची मजा. तासाभराने शेवटची टेकडी चढलो आणि खाली ते निळंशार पाणी! तिन्ही बाजूंनी वाळूने वेढलेलं, लाटा नाहीत, आवाज नाही. पलीकडचा किनारा सौदी अरेबियाचा. काठाला उथळ पाण्यात फ्लेमिंगो उभे होते. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या चिंचणीच्या समुद्राला एवढं शांत मी कधीच पाहिलं नाही."

चटई पसरली, डबे उघडले. अळूवड्या प्रथम संपल्या हे सांगायला नकोच.

जेवणानंतर चिरंजीवांनी मोबाइलवर नकाशा काढला. इथून आग्नेयेला, किनाऱ्याने अबू धाबीच्या बाजूला, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर बराका. संयुक्त अरब अमिरातींचं अणुवीज केंद्र. कोरियन बनावटीच्या चार अणुभट्ट्या, पहिलीची वीज २०२० च्या ऑगस्टमध्ये जाळ्यात आली, चौथी २०२४ च्या सप्टेंबरात पूर्ण सुरू झाली. "म्हणजे आमचं तारापूर आणि मुंबई, तेवढंच की अंतर," काका म्हणाले. आणि उत्तरेला, दोह्यापासून सुमारे चारशे किलोमीटरवर बुशहर. १९७५ मध्ये जर्मनांनी सुरू केलेलं, इराण-इराक युद्धात बाँब पडलेलं, रशियनांनी पूर्ण करून २०११ मध्ये वीज देऊ लागलेलं. दोन्हींच्या मध्ये आपण.

ह्यातली काळजी नुसती आमच्यासारख्यांची नाही. २०१९ च्या मार्चमध्ये कतारने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला पत्र लिहून बराकाबद्दल हरकत घेतली होती. अपघात झाला तर किरणोत्सारी ढग ५ ते १३ तासांत दोह्यावर येईल आणि आखाताचं पाणी बिघडेल, असं त्यात म्हटलं होतं. तेव्हा दोन्ही देशांत बोलाचाली बंद होती, त्यामुळे त्या पत्रात राजकारण किती आणि भीती किती हे ज्याने त्याने ठरवावं. अमिरातींनी आरोप साफ नाकारले. पण आखात उथळ आहे, सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर, आणि तोंड होर्मुझपाशी अरुंद. घाण आत पडली तर बाहेर जायला वर्षं लागतात. त्यात राजकारण नाही.

काकांचं लक्ष मात्र वेगळ्याच गोष्टीकडे. "बाँब वगैरे ठीक आहे. मला सांगा, तिथले डिझेल सेट कसे तपासतात?"

आम्ही एकमेकांकडे बघू लागलो. मग त्यांनी वाळूत काठीने रेघा ओढून समजावलं, ते जमेल तसं सांगतो. अणुभट्टी बंद केली तरी आतलं इंधन तापतच राहतं, तव्याखालचा गॅस बंद केला तरी तवा चटका देतो तसं, फक्त हा तवा दिवसचे दिवस निवत नाही. त्याच्यावरून पाणी फिरवायला पंप हवेत, पंपांना वीज हवी. ती बाहेरून येते. बाहेरची गेली तर डिझेल जनरेटर काही सेकंदांत सुरू व्हायला हवेत. तेही नाही झाले तर बॅटऱ्या, त्या काही तासांच्या. साधारण महिन्यातून एकदा हे डिझेल चालवून बघतात, अधूनमधून चोवीस तासही चालवतात. "पण," काका म्हणाले, "इंजिन चालू झालं म्हणजे वीज पोचली असं नाही. मी तीस वर्षं हेच बघितलंय."

आम्हाला आमचीच बिल्डिंग आठवली. नाव सांगत नाही. तिथे दर गुरुवारी खाली जनरेटर दहा मिनिटं धडधडतो, वॉचमन वहीत टिक करतो. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात वीज खरोखर गेली तेव्हा इंजिन झकास सुरू झालं, आणि आम्ही तिघे लिफ्टमध्ये पाऊण तास घामाघूम! इंजिनाची वीज बिल्डिंगकडे वळवणारा चेंजओव्हर स्विच अडकला होता. गुरुवारी तो कधी हलवलाच नव्हता.

काका हसले नाहीत. म्हणाले, "तेच सांगतोय."

घरी आल्यावर आम्ही थोडं वाचलं, तर काकांचं म्हणणं पानोपानी खरं निघालं. कोरियात कोरी इथल्या पहिल्या अणुभट्टीत ९ फेब्रुवारी २०१२ ला बाहेरची वीज गेली. एक डिझेल सेट दुरुस्तीसाठी खोललेला होता, दुसरा सुरूच झाला नाही. इंजिनाला धक्का देणारी दाबाची हवा सोडणारा एक लहानसा व्हॉल्व्ह बिघडला होता. १२ मिनिटं संपूर्ण अंधार. अणुभट्टी इंधन बदलण्यासाठी बंद होती म्हणून निभावलं. आणि पुढचं ऐका. केंद्राच्या अधिकाऱ्यांनी हे महिनाभर लपवून ठेवलं! बुसानच्या एका नगरसेवकाने हॉटेलात शेजारच्या टेबलावरचं बोलणं ऐकलं म्हणून बाहेर फुटलं. पुढच्याच वर्षी त्या देशात अणुभट्ट्यांच्या केबलींचे चाचणी दाखले खोटे असल्याचं उघड झालं, सुमारे शंभर जणांवर खटले झाले. शिन कोरीच्या तिसऱ्या भट्टीतल्या केबली पुन्हा तपासल्या तेव्हा नापास झाल्या आणि बदलाव्या लागल्या. ही तिसरी भट्टी म्हणजे बराकाचा मूळ नमुना. नमुन्यातच हे सापडलं हे एका परीने बरंच झालं म्हणायचं, पण सापडलं ते कागद सोडून खरी चाचणी घेतली तेव्हा.

आपल्याकडेही झालंच आहे की. ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशात नरोऱ्याला टर्बाइनची पाती तुटून आग लागली. नेहमीच्या आणि आणीबाणीच्या केबली एकत्रच नेल्या होत्या, त्या एकत्रच जळाल्या. जनरेटर असून नसल्यासारखे. १७ तास केंद्र विजेविना होतं. कर्मचारी हातात विजेऱ्या घेऊन अंधारात इमारतीच्या माथ्यावर चढले आणि भट्टी शांत ठेवणारं द्रावण हाताने सोडलं. आग विझवायच्या डिझेल पंपांनी पाणी फिरवत ठेवलं. ह्या माणसांची नावं आपल्याला कुणाला माहीत नाहीत, क्रिकेटची मात्र सगळी पाठ.

फुकुशिमा तर सर्वांना ठाऊक आहे. ११ मार्च २०११ ला भूकंपानंतर तिथले डिझेल नेमके चाचणीत चालतात तसे चालले. पाऊण-एक तासाने लाट आली आणि तळघरातले सेट बुडाले. सहाव्या भट्टीचा एक सेट उंचावर होता, पाण्याऐवजी हवेने थंड होणारा. तो वाचला, आणि त्याच्या जोरावर पाचवी-सहावी वाचली.

बुशहरचं काय? तिथे २०११ च्या फेब्रुवारीत १९७० च्या दशकातला एक जुना पंप तुटून धातूचे कण आत गेले आणि भरलेलं इंधन परत काढावं लागलं. ९ एप्रिल २०१३ ला जवळच ६.३ रिश्टरचा भूकंप झाला. केंद्राला इजा झाली नाही, पण धक्का आखाताच्या ह्या बाजूलाही जाणवला. आणि २० जून २०२५ ला, इराण-इस्रायल युद्ध चालू असताना, अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख ग्रोसी यांनी सुरक्षा परिषदेत सांगितलं की, बुशहरवर थेट बाँब पडायलाच हवा असं नाही, केंद्राला वीज देणाऱ्या दोन लाइनी तुटल्या तरी भट्टीचा गाभा वितळू शकतो. तीन दिवसांनी अल-उदैदच्या दिशेने क्षेपणास्त्रं आली ती रात्र आपल्यापैकी कुणीच विसरणार नाही. मुलांना मांडीवर घेऊन बसलो होतो. तेव्हा क्षेपणास्त्रांची भीती वाटली. दोन लाइनी आणि त्यांच्या मागचं डिझेल इंजिन हे कुणाच्या डोक्यात नव्हतं.

अणुवीज नको असं आमचं म्हणणं नाही. काकांचंही नाही, तारापूरच्या विजेवर त्यांनी संसार केला. पण आमचं स्पष्ट मत झालं आहे की, शेजाऱ्याचं इंजिन ही इथे आपली पाण्याची टाकी आहे. ते नुसतं सुरू करून नव्हे, पूर्ण भार टाकून, स्विच-केबलीसकट, जुलैच्या उकाड्यात आणि धुळीच्या वादळात तपासावं, आणि नापास झालं तर आखातातल्या सर्व देशांना कळावं. कोरीसारखं हॉटेलातल्या गप्पांतून नको.

असो. परत निघालो तेव्हा ऊन कललं होतं. सीलाइनला टायरमध्ये हवा भरून घेतली, मुलं झोपली. वक्र्याजवळ रास अबू फोंतासचे दिवे लागले होते. काकांनी मान वळवून ते दिसेनासे होईपर्यंत पाहिलं.

काका बोईसरला परत जाण्यापूर्वी आमच्याकडून बिल्डिंगच्या मॅनेजमेंटला एक पत्र लिहून घेऊन गेले. मजकूर त्यांचाच: मेन स्विच पाडून जनरेटर तपासावा. तीन आठवडे उत्तर नाही. मग एका शनिवारी सकाळी इलेक्ट्रिशियन आला, सगळ्यांना आधी सूचना दिली, मेन पाडला. खाली इंजिन लागलं. स्विच फिरला. लिफ्ट क्षणभर थांबून चालू झाली, जिन्यातले दिवे आले, आम्ही टाळ्या वाजवल्या. दहा मिनिटांनी चौथ्या मजल्यावरून आमच्या वहिनींची हाक आली, नळाला पाणी नाही. पाण्याचा पंप जनरेटरला जोडलेलाच नव्हता.

त्याचं दुसरं पत्र लिहायला घेतलं आहे. काकांना फोनवर वाचून दाखवलं, त्यांनी दोन चुका काढल्या.