पनागर : पॅरामेडिकलचं कॉलेज बघताना

जबलपूर म्हटलं की फौजी माणसाला ग्रेनेडियर्सचं सेंटर आठवतं, जॅक रायफल्सचं आठवतं, सिग्नलवाल्यांना आपला रगडा आठवतो. पनागर कुणाला आठवायचं काही कारण नाही. शहरातून कटनीच्या रस्त्याला लागलं की पंधरा-सोळा किलोमीटरवर हे गाव येतं. हिवाळ्यात इथून मटाराच्या गोण्या भरभरून ट्रक निघतात, पावसाळ्यात तळ्यांत शिंगाड्याचे वेल पसरतात. क्वार्टरच्या यादीत नाव बरंच खाली होतं, म्हणून इथे दोन खोल्या भाड्याने घेतल्या. घरमालक पायदळातून नायक म्हणून पेन्शन आलेले. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला हवलदार साहब. थोडी शेती आहे, त्यात मटार.

त्यांची धाकटी मुलगी यंदा बारावी झाली. बायोलॉजी होतं, मार्क ७१ टक्के. नीट दिली, पण एमबीबीएसच्या जवळपासही नंबर लागण्यासारखा नव्हता आणि घरात तशी अपेक्षाही नव्हती. ‘लॅब में काम करना है,’ एवढं तिचं ठरलेलं. मी एएमसीचा, ट्रेड लॅब असिस्टंट, त्यामुळे या निर्णयात माझा थोडा हात असावा असा भाभींचा संशय आहे.

जूनमध्ये एक एजंट घरी आला. हातात चकचकीत पुस्तिका, त्यावर पांढऱ्या कोटातल्या मुली. दोन वर्षांचा लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, पहिल्या वर्षाचे ७०,००० रुपये, त्यातले २०,००० आत्ता दिले तर सीट पक्की. हजेरीचं काय, असं दादांनी विचारलं. तो म्हणाला, ‘अरे दादा, बिटिया को रोज़ कहाँ दौड़ाओगे? हफ़्ते में एक दिन आ जाए, बाक़ी हम देख लेंगे.’ दादांना ही मोठी सवलत वाटली. मुलगी लांब जाणार नाही, बसचं भाडं वाचेल. मटाराचे पैसे बँकेत होते. दुसऱ्या दिवशी भरायचे असं ठरलंच होतं.

मी म्हटलं, दादा, बैल घेताना दात बघता, हे कॉलेज एकदा बघून तरी येऊ.

रविवार सोडून वाराचा दिवस धरला, मुद्दाम. कॉलेजचं नाव इथे लिहीत नाही. इमारत दुमजली, वर्गखोल्या स्वच्छ, फळ्यावर मागच्या कुठल्यातरी दिवसाची तारीख. लॅबमध्ये चार मायक्रोस्कोप, दोनांवर अजून प्लास्टिक. हॉस्पिटल कुठे आहे म्हटल्यावर उत्तर आलं, ‘टाय-अप है.’ टाय-अपचा पत्ता घेतला आणि तिथेही गेलो. वीसेक खाटा, त्यांतल्या तीन भरलेल्या, विद्यार्थी एकही नाही. रिसेप्शनवरच्या मुलाला कॉलेजचं नाव दोनदा सांगावं लागलं.

निघताना जिन्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी भेटली. बोलकी होती. मी सहज विचारलं, बेटा, जांभळ्या झाकणाच्या नळीत कुठल्या टेस्टचं रक्त घेतात? ती गोंधळली, मग हसून म्हणाली, ‘अंकल, वो फ़ाइनल में आएगा.’

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रक्त घ्यायच्या नळ्यांची झाकणं रंगीत असतात आणि तो रंग म्हणजे आत काय घातलंय त्याची खूण. जांभळ्यात ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन. सीबीसी त्यातच होतं. निळ्यात सायट्रेट, आणि ती नळी खुणेपर्यंतच भरायची, कारण नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण बिघडलं की गोठण्याच्या वेळेचा रिपोर्ट चुकतो. हृदयाची झडप बदललेल्या माणसाच्या गोळीचा डोस त्या रिपोर्टवर ठरतो. करड्या झाकणात फ्लोराईड, साखरेसाठी. रक्त भरायचा क्रमही ठरलेला, कारण जांभळ्यातला अंश पुढच्या नळीत गेला तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. हे पहिल्या महिन्यातलं शिक्षण आहे. रोज सकाळी समोर पन्नास माणसं बाह्या वर करून बसली तर आठ दिवसांत हाताला कळतं. पुस्तकातून दोन वर्षांतही कळत नाही. त्या मुलीचा काही दोष नव्हता, तिच्या हातात ती नळी कुणी दिलीच नव्हती.

परत येताना बसमध्ये दादा गप्प होते. मी त्यांना हिशोब सांगितला. २०२१ साली संसदेने अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात डिप्लोमावाल्याला अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणायचं तर किमान २,००० तासांचं शिक्षण, दोन ते चार वर्षांत पसरलेलं, असं लिहिलं आहे. वरच्या वर्गाला, हेल्थकेअर प्रोफेशनलला, ३,६०० तास आणि डिग्री. आता एजंटचा आठवड्यातला एक दिवस घ्या. सहा तास धरा, वर्षाचे पन्नास आठवडे धरा. दोन वर्षांत होतात ६०० तास. उरलेले १,४०० तास ‘हम देख लेंगे’ मध्ये.

दादा म्हणाले, ‘पर सर्टिफ़िकेट तो मिल जाएगा ना?’

प्रश्न खरा आहे. फौजेत कोर्स ग्रेडिंगच्या कागदावर प्रमोशन अडतं, तसं सिव्हिलमध्ये कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर नोकरी अडते. आणि कागदाचं काय होऊ शकतं हे बघायला मध्य प्रदेशातल्या माणसाला लांब जायला नको. हायकोर्ट जबलपुरातच आहे. नर्सिंग कॉलेजांचं प्रकरण तिथेच चाललं. सीबीआयने ३०८ कॉलेजं तपासली. २०२४ मध्ये आलेल्या त्या अहवालात १६९ योग्य, ७४ मध्ये त्रुटी आणि ६५ अयोग्य. मग त्याच वर्षी मे महिन्यात तपास करणाऱ्यांपैकीच काही जण लाचेच्या प्रकरणात पकडले गेले आणि ती १६९ कॉलेजंही पुन्हा तपासायचा हुकूम निघाला. या सगळ्यात मुलींच्या परीक्षा अडकून राहिल्या, वर्षं गेली. फी कुणाची कमी होती, कुणाची जास्त. वर्षं सगळ्यांचीच सारखी गेली.

दादांच्या २०,००० रुपयांचं पुढे काय झालं असतं तेही लगेच दिसलं. जुलै २०२५ मध्ये पॅरामेडिकल कॉलेजांची मान्यता आणि प्रवेश हायकोर्टाने रोखले. होऊन गेलेल्या सत्रांची मान्यता मागाहून दिली जात असल्याची तक्रार होती. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. महिनाभर गावागावांतले बाप कॉलेजांत आणि सायबर कॅफेत फेऱ्या मारत होते. चांगली कॉलेजंही त्यात भरडली गेली असतील, नाही असं नाही. पण आगाऊ पैसे दिलेल्या माणसाची झोप जास्त उडते.

मग स्वस्त आणि चांगलं कुठे? माझं मत सांगतो. आधी सरकारी मेडिकल कॉलेज बघावं, कारण तिथे पेशंट असतो. जबलपूरचं नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेज १९५५ चं. तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ नव्हे, नागपूर होती. म्हणजे एका अर्थाने ते आपलंही कॉलेज. पनागरहून ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला पडतं. दादा, मुलगी आणि मी सकाळी पहिल्या गाडीने गेलो. मी त्यांना ऑफिसात नेलं नाही, आधी रक्त घ्यायच्या खिडकीसमोर उभं केलं. मंडला, दिंडोरी, नरसिंहपूर, कुठकुठली माणसं रांगेत. आत एप्रनमधली पोरं नळ्यांवर नावं लिहीत होती. मुलगी अर्धा तास एका जागी उभी राहून बघत होती. दादा चहा प्यायला चला म्हणाले तर आली नाही.

तिथून जवळच आयसीएमआरची आदिवासी आरोग्य संशोधन संस्था आहे, १९८४ पासूनची. मी मुलीला लांबून ती दाखवली. १ जुलै २०२३ ला शहडोलला, म्हणजे याच मुलखात, सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी करायची असं त्यात ठरलेलं. आधी सोल्युबिलिटीची साधी टेस्ट, त्यात शंका आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. सात कोटी बोटांना टोचणार कोण आणि ते यंत्र चालवणार कोण? डॉक्टर नव्हे. आपल्या गडचिरोलीत, नंदुरबारात हाच आजार आहे आणि हेच हात लागणार आहेत. डायलिसिसचंही तेच. २०१६ च्या बजेटनंतर जिल्हा रुग्णालयांत मशीन पोचायला लागली, मशीनजवळ चार तास बसणारा माणूस शिकवून तयार करावा लागतो.

आता पैसे. इथे पेन्शनर मंडळींनी जरा कान द्यावा. केंद्रीय सैनिक बोर्डाची प्रधानमंत्री शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ५,५०० मुलांना, निम्मी मुलींसाठी. मुलीला महिना ३,००० आणि मुलाला २,५००. ऑफिसर हुद्द्याच्या खालच्या माजी सैनिकांच्या मुलांना आणि विधवांना मिळते, नोकरीत असलेल्या माझ्यासारख्याच्या पोरांना नाही. बारावीला ६० टक्के हवेत आणि अर्ज पहिल्या वर्षाला असतानाच करायचा. मेख अशी, की ती डिग्रीला आहे, डिप्लोमाला नाही. बीपीटी, बीएमएलटी, ऑप्टोमेट्री चालतं. कोर्सला मान्यता हवी, हे आलंच.

म्हणजे एजंटचा दोन वर्षांचा डिप्लोमा वरून स्वस्त, पण त्याला फौजेचा एक रुपया मिळणार नाही. डिग्रीला एक-दोन वर्षं जास्त लागतील, पण नंबर लागला तर वर्षाला ३६,००० येतील. दादांनी हे कधी ऐकलंच नव्हतं. डिस्चार्ज बुक ट्रंकेत तळाशी होतं, वर गोधड्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ते पेन्शन आल्या वर्षी एकदा गेले, त्यानंतर नाही. असे दादा आपल्याकडे सातारा-सांगलीतही गावोगाव आहेत.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी आहे, तीन वर्षं आणि वर इंटर्नशिप, तो सरकारी मेडिकल कॉलेजांतही चालतो. कॉलेजचं नाव विद्यापीठाच्या यादीत स्वतः शोधावं, कॉलेजने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नये. महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषदेत नोंदणी होईल का, हे फी भरण्याआधी विचारावं, विशेषतः बाहेरच्या राज्यातलं डीएमएलटी कुणी गळ्यात मारत असेल तर. घरबसल्या, ऑनलाईन वगैरे तर सोडूनच द्या. यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या कायद्याखालचे कोर्स दूरशिक्षणातून बंदच केले. रक्त काढणं पोस्टाने शिकता येत नाही, हे इतक्या उशिरा लक्षात आलं याचंच नवल.

आणि ज्यांच्याकडे कुणी बघत नाही असे काही कोर्स. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची फिजिकल मेडिसिनची संस्था आहे, तिथे कृत्रिम हातपाय बनवण्या-बसवण्याची डिग्री होते. वांद्र्याला अली यावर जंग संस्था, ऐकणं-बोलणं यावरची डिग्री. या दोन्ही विषयांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे होते. पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर ज्याने आतून पाहिलंय त्याला पायाच्या सॉकेटचं माप घेणाऱ्या माणसाची किंमत मी सांगायला नको. एक्स-रेला जाणाऱ्यांनी एकच बघावं, तिथल्या विद्यार्थ्यांच्या छातीवर टीएलडी बॅज आहे का. किरणं किती लागली ते तो बॅज मोजतो. बॅज नसेल तर एक तर पोरं मशीनजवळ जात नाहीत, किंवा जातात आणि कुणाला फिकीर नाही. दोन्ही वाईट.

एक गोष्ट मान्य करायला हवी. सरकारी जागा मोजक्या असतात आणि ७१ टक्क्यांना नंबर लागेलच असं नाही. दादांच्या मुलीने जबलपूरसाठी अर्ज भरलाय, पुढच्या वर्षी एम्सच्या पॅरामेडिकल प्रवेश परीक्षेलाही बसायचं म्हणते. तिथली फी ऐकून दादांनी मला दोनदा विचारलं, महिन्याची ना? मी म्हटलं, वर्षाची. नाहीच कुठे झालं तर खासगी, पण ज्याचं स्वतःचं चालतं हॉस्पिटल आहे असं. शहरातली दोन आम्ही तशी शोधून ठेवलीत. फी एजंटच्या कॉलेजपेक्षा जास्त आहे. भाभींना ते पटलेलं नाही. एक वर्ष मुलगी घरी बसली तर लोक काय म्हणतील, हा त्यांचा मुद्दा, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

परवा एजंटचा पुन्हा फोन आला. मुलीने घेतला. ‘आपके यहाँ रोज़ कितने सैंपल आते हैं?’ पलीकडचा म्हणाला, पूछ के बताता हूँ.

सप्टेंबर संपत आलाय, मटाराच्या पेरणीची तयारी चाललीय. यादी लागायची आहे. डिस्चार्ज बुकाच्या झेरॉक्स काढून झाल्या, सोमवारी दादांबरोबर सैनिक कल्याण कार्यालयात जायचं आहे, सुट्टी सँक्शन झाली तर.