पुठ्ठ्याच्या तुकड्याचा भाव

अडीच इंच बाय साडेतीन इंच. बास्केटबॉल कार्डाचा आकार एवढाच. आपल्या पत्त्यांच्या कॅटमधल्या पानाएवढा म्हणा ना. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत हेरिटेजच्या लिलावात असं एक कार्ड १ कोटी २९ लाख डॉलरना गेलं. त्यावर मायकेल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट या दोघांच्या सह्या आणि दोघांच्या जर्सीवरचे एनबीएचे लोगो कापून बसवलेले. असं कार्ड जगात एकच. कुठल्याही खेळाच्या कार्डाला तोवर एवढी किंमत आली नव्हती.

आता "अमेरिकन लोक वेडे आहेत" असं म्हणून मोकळं होता येतं. पण अलीकडे आपल्या वयाची, बऱ्या पगाराची मंडळी 'अल्टरनेटिव्ह इन्व्हेस्टमेंट' म्हणून असल्या गोष्टींकडे बघायला लागली आहेत. तेव्हा हा भाव ठरतो कशावर, ते जरा उलगडून बघू.

पहिलं उत्तर सगळ्यांना माहीत असतं: दुर्मिळता. पण दुर्मिळता दोन प्रकारची असते. एक आपोआप झालेली आणि दुसरी ठरवून केलेली. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि ९० च्या सुरुवातीला कंपन्यांनी इतकी कार्डं छापली, की त्या काळाला संग्राहक 'जंक वॅक्स' म्हणतात. त्यातली बहुतेक आज रद्दीच्या भावात मिळतात. मग कंपन्या शहाण्या झाल्या. कार्डावर अनुक्रमांक छापायला लागल्या: शंभरातलं अमुक, तेवीसातलं तमुक, एकातलं एक. २००३-०४ च्या अपर डेक एक्स्क्विझिटच्या पाच कार्डांच्या पाकिटाची छापील किंमतच ५०० डॉलर होती! त्यातलं लेब्रॉन जेम्सचं सहीवालं, फक्त २३ प्रती असलेलं एक कार्ड २०२१ मध्ये ५२ लाख डॉलरना विकलं गेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर टंचाई हा इथे एक पॅरामीटर आहे आणि कॉन्फिग फाईल छापणाऱ्याच्या हातात आहे.

दुसरी गोष्ट, अवस्था. जॉर्डनचं सगळ्यात प्रसिद्ध कार्ड म्हणजे १९८६-८७ च्या फ्लीअर संचातलं ५७ नंबरचं. खरं तर त्याआधी स्टार नावाच्या कंपनीने त्याची कार्डं काढली होती, पण ती दुकानातल्या पाकिटांतून आली नव्हती. त्यामुळे पहिलं म्हणजेच 'रुकी' कार्ड असल्याचा मान बाजाराने फ्लीअरला दिला. म्हणजे 'पहिलं कुठलं' हेसुद्धा लोकांनी मिळून ठरवलेलं!

बरं, हे कार्ड दुर्मिळ आहे का? अजिबात नाही. पीएसए या कार्ड तपासणाऱ्या कंपनीने आजवर अशी वीस हजारांहून जास्त कार्डं तपासली आहेत. पण १० पैकी १० मिळालेली जेमतेम तीनशेच्या वर. कारण उघड आहे. पोरांनी ती हाताळली, खिशात कोंबली. लहानपणी आपण डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कार्डांचे कोपरे कसे मऊ केले होते ते आठवा. :-) शिवाय या फ्लीअरच्या कडा रंगीत, जरा घासलं की पांढरं दिसतं.

गंमत अशी की ९ आणि १० मधला फरक साध्या डोळ्यांना सहसा दिसत नाही, पण किमतीत मात्र कित्येक पटींचा फरक पडतो. तो ठरवतो कोण? भिंगातून बघणारा एक माणूस. मग काही लोक ९ ची डबी फोडून तेच कार्ड पुन्हा तपासायला पाठवतात, कदाचित या वेळी १० येईल म्हणून. फ्लेकी टेस्ट हिरवी होईपर्यंत रन करण्याचाच हा प्रकार. यात वर नोंदीतला आकडाही फुगतो, कारण एकच कार्ड दोनदा मोजलं जातं.

तिसरी गोष्ट, मागणी. २०२० च्या जानेवारीत कोबी गेला. एप्रिल-मे मध्ये, सगळे घरात अडकलेले असताना, जॉर्डनवरची 'द लास्ट डान्स' ही मालिका आली. जानेवारी २०२१ च्या शेवटी १० मार्कांचं फ्लीअर जॉर्डन ७ लाख ३८ हजार डॉलरपर्यंत पोचलं. काही महिन्यांतच तेच कार्ड दोन लाखांच्या घरात आलं. कार्ड तेच, मार्क तेच, जॉर्डनची सहा विजेतेपदंही तीच. बदलली फक्त लिलावात हात वर करणाऱ्यांची संख्या. लिलावात भाव चढायला दोनच हट्टी माणसं पुरतात, आणि त्यातला एक उठून गेला की खेळ संपला.

कधी कधी तर खेळाशी संबंधही लागत नाही. १९९०-९१ च्या हूप्स संचातलं मार्क जॅक्सनचं कार्ड काही सेंटांचं होतं. २०१८ मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं, की मागे प्रेक्षकांत आईवडिलांच्या खुनासाठी पुढे शिक्षा झालेले मेनेंडेझ बंधू बसलेले दिसतात. झालं, कार्ड डॉलरमध्ये गेलं. निव्वळ एका गोष्टीमुळे.

आणि चौथी गोष्ट, जी मला सगळ्यात अस्वस्थ करते. नव्या खेळाडूचं कार्ड म्हणजे त्याच्या भविष्यावर लावलेला पैसा. झायन विल्यमसन २०१९ मध्ये ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला, त्याच्या कार्डांवर उड्या पडल्या. मग दुखापतींमागून दुखापती. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हिक्टर वेम्बन्यामाच्या खांद्यात रक्ताची गुठळी निघाली आणि त्याचा तो मोसम संपला. एकवीस वर्षांच्या पोराचा मेडिकल रिपोर्ट येतो आणि हजारो लोक आधी आपल्या डबीचा भाव बघतात. शेअर पडला तर आपण कंपनीला शिव्या घालतो. इथे कंपनीच्या जागी माणूस असतो. निवृत्त जॉर्डनचं बरं आहे, त्याचा गुडघा आता कुणाला बुडवू शकत नाही.

कार्ड व्याज देत नाही, भाडं देत नाही, लाभांश देत नाही. तुमच्यानंतर ते कुणाला तरी तुमच्याहून जास्त हवंसं वाटलं, तरच फायदा. ज्यांनी जॉर्डनला खेळताना पाहिलं ते आज पन्नाशीच्या आसपास आहेत. त्यांच्या मुलांना तो तितकाच हवासा वाटेल का? मोठ्या किमतीतला खरा जुगार हा आहे.

थोडक्यात, कार्ड घेताना आपण चार गोष्टी घेतो: छापणाऱ्याचा शब्द, तपासणाऱ्याची नजर, खेळाडूचं नशीब आणि आपली स्वतःची आवड. यातल्या पहिल्या तीन दुसऱ्याच्या हातात आहेत. चौथीसाठी मात्र १० मार्कांचं कार्ड लागत नाही. कोपरे झिजलेलं, ३ मार्कांचं असलं तरी जॉर्डन त्यावर तसाच हवेत झेपावलेला दिसतो.