न दिलेलं



तांदूळ निवडताना ग्रेस डी. ली यांची ‘पोर्ट्रेट ऑफ अ थीफ’ ही पहिलीच कादंबरी ऐकली. पाच चिनी-अमेरिकन विद्यार्थी पाच कोटी डॉलरसाठी परदेशी संग्रहालयांतली कारंज्यावरची पाच कांस्यशिरं चोरायला निघतात. ब्रिटिश-फ्रेंच सैन्याने १८६० मध्ये बीजिंगचा राजवाडा लुटला, तिथली ती शिरं.

मग चोर कोण? अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत चोरी करवणं येतं, तसं चोरीचा माल घेणंही. मी बी.कॉम.; ताळेबंदात लुटीला मालमत्ता म्हटलं, तरी माझ्या लेखी ते देणंच. पण वसुली भिंत चढून नको. २०१३ मध्ये फ्रान्सच्या पिनो कुटुंबाने उंदीर आणि सशाचं शिर चीनला स्वतःहून दिलं. दिलेलं घेण्यात व्रतभंग नाही. ऐकाच ही गोष्ट!