सतराव्या लेण्यातली दोन मुले

अजिंठ्याला जाणारी आपली बरीच मंडळी पहिल्या लेण्यातील पद्मपाणी पाहून दमतात. आम्ही म्हणतो, वाघूर नदीच्या वळणाने चालत सतराव्या लेण्यापर्यंत जावेच. वाकाटक सम्राट हरिषेणाच्या एका मांडलिक राजाने पाचव्या शतकात ते कोरविले. धाकटा भाऊ गेल्याचे दुःख त्याच्या मनात होते, असे तेथील शिलालेखच सांगतो.

आत भिंतीवर विश्वंतर जातक आहे. पाऊस आणणारा हत्ती दान दिला म्हणून प्रजेने राजपुत्र विश्वंतराला वनात धाडले. तिथेही जूजक नावाचा ब्राह्मण आला. घरी बायकोला राबायला माणसे हवीत म्हणून त्याने राजपुत्राची दोन्ही लेकरे मागितली. आई माद्री फळे आणायला रानात गेलेली. बापाने मुले दिली! जूजकाने त्यांना वेलीने बांधून, मारीत नेले. शेवटी आजोबांनी धन मोजून नातवंडे सोडविली.

आमच्यासोबतच्या एक उपासिका तिथेच म्हणाल्या, "दान याचे, पण लेकरे तिचीही होती ना?"

प्रश्न जुनाच आहे. पुण्य करणाऱ्याने दुसऱ्याला दुःख का द्यावे, असे 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात राजा मिलिंदही भन्ते नागसेनांना विचारतो. नागसेन विश्वंतराची बाजू घेतात. आम्हाला ते पटत नाही.

पण ही कथा कुठवर पोचली पाहा. ईशान्य थायलंडात आणि लाओसमध्ये 'बुन फावेत' सण असतो. लोक चित्रांचा लांबलचक कापडी पट घेऊन मिरवणुकीने 'राजपुत्राला' वनातून गावात आणतात. भिक्खू कथेचे 13 अध्याय एका दिवसात म्हणतात. ते सगळे ऐकणारा पुढे मेत्तेय बुद्धाच्या काळी जन्मतो, अशी श्रद्धा. गंमत म्हणजे हावरट जूजकाच्याही मूर्ती थायलंडात काहीजण धनलाभासाठी पूजतात!

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात (1957) गृहत्यागाची चार दृश्यांची कथा बुद्धीवर घासून पाहिली आणि ती नाकारून रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे ठेवला. मग विश्वंतर आपल्या मुलाबाळांना कसा सांगावा? आम्ही तो माद्रीच्या बाजूने सांगतो.

लेणी सोमवारी बंद असतात. आत फ्लॅश चालत नाही. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा, मग आजोबांच्या दरबारातली ती दोन मुले दिसू लागतात.