आधी गळती, मग वॉर्निश

प्लिमथ

बंड्या,

बोटीचे फोटो पाहिले. सत्तरच्या दशकातली बोट एवढ्या पैशांत मिळाली म्हणजे लॉटरीच लागली, असं तुला वाटतंय. आतलं लाकूड बघून मला तसं वाटत नाही. पण घेतलीच आहेस, तर पॉलिश पेपर हातात धरण्याआधी हे वाच.

खिडक्यांखाली आणि डोलकाठीजवळच्या भिंतीवर जे काळे ओघळ आहेत, त्यांचं खापर समुद्रावर फोडू नकोस. लाकूड कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी. खाऱ्या पाण्यात बुरशीला तेवढा जोर येत नाही. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा ज्या पोलादी पट्ट्यांना बांधतात, त्या चेनप्लेटभोवतीचं सीलंट वाळलं की पाणी झिरपतं आणि खालच्या प्लायच्या भिंतीत मुरतं. वरचं सागाचं व्हिनियर शाबूत दिसतं, आतला प्लाय मात्र चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. भद्द वाजलं तर टोक खुपसून बघ. ती भिंत शोभेची नाही, डोलकाठीचा ताण तिच्यावर येतो. कुजलेला भाग कापून नवा मरीन प्लाय इपॉक्सीने बसव. त्याआधी गळती बंद कर, डेकवर नळी सोडून खात्री कर. हे न करता वॉर्निश मारणारे या बंदरात पुष्कळ आहेत, दर वसंतात तेच काम पुन्हा करतात.

उरलेले काळे डाग म्हणजे लोखंड, ओल आणि लाकडातलं टॅनिन यांची करणी. ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्याने उतरतात. हातमोजे घाल, मग स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळू दे. सँडर मशीन लांब ठेव. व्हिनियर मिलिमीटरभरही जाड नसतं. आधी पेन्सिलीने रेघोट्या ओढ, पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरव, रेघोट्या गेल्या की थांब.

स्क्रूवरची लाकडी बुचं पटाशीने उचकटलीस तर कडा फुटतील. बुचाच्या मधोमध बारीक भोक पाडून त्यात एक स्क्रू फिरव. त्याचं टोक खालच्या स्क्रूच्या डोक्यावर टेकलं की बूच आपसूक वर येतं. ही युक्ती इथल्या एका म्हाताऱ्या सुताराची, गुरुदक्षिणा एक बिअर.

नवे स्क्रू ब्रॉन्झचे घे, लोखंडाचे नकोत. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या दर्यावर्दीची ‘सुहैली’ ही बोट आपल्या मुंबईत बांधलेली, सागाची, ३२ फुटी. १४ जून १९६८ रोजी फॉल्मथहून निघून २२ एप्रिल १९६९ रोजी जगाला वळसा घालून तो तिथेच परतला, एकटा, वाटेत कुठेही न थांबता. पुढे तिच्या डागडुजीत बदलावे लागले ते फळ्या धरून ठेवणारे लोखंडी खिळे.

आणि सगळंच लाकूड चमकवायचा हट्ट सोड. अमेरिकेतल्या नॅथॅनिएल हेरेशॉफच्या बोटींत आतल्या फळ्या पांढऱ्या रंगाच्या आणि फक्त कडापट्ट्यांना वॉर्निश असे. केबिन उजळते, आणि नवा प्लाय जुन्या सागाशी जुळवत बसावं लागत नाही. मला तरी सगळीकडे तपकिरी असलेल्या केबिनमध्ये कपाटात बसल्यासारखं वाटतं.

भिंती उघड्या आहेत तोवर वायरिंगही बदलून घे. ताईला खर्चाचा आकडा मी सांगितलेला नाही. तूही एवढ्यात सांगू नकोस.

तुझा,
मामा