मुद्रकाची साक्ष

छापील शब्दाचे श्रेय लेखकाला मिळते. त्याची किंमत मात्र कधी कधी मुद्रकाला मोजावी लागते. जॉन पीटर झेंगर या जर्मन मुद्रकाची कथा वाचताना आम्हांला हे प्रकर्षाने जाणवले.

न्यूयॉर्क तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. गव्हर्नर कॉस्बीच्या मनमानीवर झेंगरच्या साप्ताहिकात १७३३ पासून निनावी लेख येऊ लागले. लिहिणारे प्रतिष्ठित वकील. तुरुंगात गेला तो मात्र खिळे जुळविणारा झेंगर. जामीन ४०० पौंडांचा आणि त्याची मिळकत ४० पौंडांचीही नव्हती. आठ महिन्यांहून अधिक काळ तो कोठडीत राहिला, पण लेखकांची नावे त्याने सांगितली नाहीत. कोठडीच्या दारातील छिद्रातून तो पत्नी अ‍ॅनाला सूचना देई आणि ती माउली छापखाना चालवी. साप्ताहिकाचा केवळ एक अंक चुकला.

४ ऑगस्ट १७३५ रोजी खटला उभा राहिला. मजकूर खरा असणे हा त्या काळी बचाव नव्हता. उलट सत्याने गुन्हा अधिकच गंभीर ठरे. वृद्ध वकील अँड्र्यू हॅमिल्टन यांनी छपाईची कबुली दिली आणि विचारले, खरे बोलणे हा गुन्हा कसा? न्यायाधीशांचा रोख डावलून बारा ज्यूरींनी झेंगरला निर्दोष ठरविले.

कायदा त्या दिवशी बदलला नाही. लोकांचे भय मात्र ओसरले. आठवी आज्ञा खोटी साक्ष निषिद्ध मानते. खरी साक्ष देणाऱ्याला एकटे न सोडणे, हाही तिचाच अर्थ आहे असे आम्हांला वाटते.