समासातली सही

माझे वडील येथे, औरंगाबादच्या जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होते. निजामी अंमलातल्या उर्दू मिसली आणि पोलीस कारवाईनंतरचे मराठी कागद या दोहोंवर त्यांचा हात सारखाच चाले. नक्कल उतरताना एखादा शब्द चुकला तर तो खरवडून काढणे त्यांना मंजूर नसे; त्यावर ते एकच सरळ रेघ ओढीत, खालचे चुकीचे अक्षर वाचता येईल इतकी पातळ, आणि समासात बारीक सही करून तारीख घालीत. चूक काय झाली आणि ती कोणी सुधारली, हे दोन्ही मिसलीत राहिले पाहिजे, असा त्यांचा परिपाठ. देहान्तशिक्षेचा विषय निघाला की मला तो समास आठवतो, आणि त्याचे कारण कायद्याच्या ग्रंथांत नसून माझ्या स्वतःच्या एका सहीत आहे.

१३ जुलै २०१६ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील कोपर्डी येथे एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, आणि ९ ऑगस्टला, ऐन क्रांतिदिनी, आमच्या क्रांती चौकातून मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा निघाला. मी रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर उभा होतो. एवढा अफाट जनसमुदाय आणि घोषणा एकही नाही. मुलींच्या रांगांमागून रांगा पुढे सरकत होत्या आणि ऐकू येत होता तो केवळ हजारो चपलांचा, रस्ता घासत जाणारा आवाज. नराधमांना फाशी व्हावी, ही त्या मौनातली पहिली मागणी होती. त्याच आठवड्यात आमच्या वसाहतीतून तशाच मागणीचे एक निवेदन फिरले आणि मी ते न वाचताच त्यावर सही केली. वाचण्यासारखे त्यात होते तरी काय? माझ्या घरात त्याच वयाची नात होती.

ज्या चौकात मी उभा होतो तेथील काळ्या चबुतऱ्यावर १८५७ साली, इंग्रजांविरुद्ध उठलेल्या येथल्या रिसाल्यातील शिपायांना गोळ्या घालण्यात आल्या, काहींना तोफेच्या तोंडी देण्यात आले. चौकाचे आजचे नाव त्या मृतांच्या स्मरणाचे आहे. त्यांना मृत्युदंड फर्मावणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव गावात कोणाला विचारून पाहावे! पण हा मुद्दा मी ताणत नाही. बंड आणि बलात्कार एकाच तराजूत घालणे अप्रामाणिकपणाचे होईल.

माझ्या सहीची मला लाज वाटू लागली ती निराळ्याच कारणाने. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या सहा कैद्यांची निर्दोष मुक्तता केली. माणसे भोकरदनकडची, भटक्या जमातीतली. भोकरदन आज जालना जिल्ह्यात मोडत असले तरी १९८१ पर्यंत ते औरंगाबाद जिल्ह्यातच होते आणि वडिलांच्या दप्तरातल्या कितीतरी मिसली त्याच तालुक्यातल्या असत. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका झोपडीवर दरोडा पडला, एकाच रात्रीत पाच जीव गेले, अत्याचार झाले. सत्र न्यायालयाने २००६ साली या सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी तिघांची फाशी कायम करून तिघांना जन्मठेप दिली. आणि ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेपही रद्द करून सहाही गळ्यांत पुन्हा दोर अडकवला. त्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे २०१२ मध्ये उघड झाले. शेवटी त्याच न्यायालयाने मिसल नव्याने वाचली तेव्हा दिसले ते असे, की त्या रात्री मरता मरता वाचलेल्या स्त्रीने दोनच दिवसांनी पोलिसांकडील छायाचित्रांतून चार माणसे ओळखली होती. ती चारही या सहांपैकी नव्हती, आणि त्यांच्या दिशेने तपास पुढे सरकलाच नव्हता. प्रत्येकी पाच लाख रुपये नुकसानभरपाईचा हुकूम झाला, जबाबदार अधिकाऱ्यांचा शोध घ्यावा असेही न्यायालयाने बजावले.

२००९चा निकाल अंतिम होता, हे येथे विसरता कामा नये. ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ ही १९८० साली बचनसिंग खटल्यात घालून दिलेली कसोटी हाताशी असताना देशातल्या सर्वोच्च पीठाने तो विचारपूर्वक दिला होता. अशा अंतिम निकालाची तत्काळ अंमलबजावणी व्हावी, हीच तर आमच्या निवेदनाची भाषा होती. आणि ते निवेदन वसाहतीत फिरत होते तेव्हा ही सहा माणसे तुरुंगातच होती. तेव्हा कोणी आमच्या मनाप्रमाणे तत्परता दाखविली असती तर २०१९ साली मुक्त करायला कोण उरले असते? ज्या दिरंगाईवर आपण ओट्यावर बसून तोंडसुख घेतो, तिने हे जीव राखले. शिवाय, सहा गळे हाती लागल्यावर खऱ्या गुन्हेगारांना शोधण्याची निकड कोणालाच उरली नाही. म्हणजे त्या झोपडीतल्या मृतांनाही फाशीच्या शिक्षेने काही दिले नाही. उलट त्यांचा तपास बुडवला.

३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फौजदारी अपिलांची चर्चा चालू असता डॉ. आंबेडकर म्हणाले होते, की अपिलाची तरतूद करीत बसण्यापेक्षा देहान्तशिक्षाच रद्द झालेली मला अधिक पसंत पडेल. पुढच्याच वर्षी त्यांनी या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले. त्या महाविद्यालयाच्या परिसरातल्या, नागसेनवनातल्या झाडांखालून मी आयुष्यभर ये-जा केली, पण त्यांचे हे मत मला ठाऊक झाले ते सत्तरी उलटल्यावर.

कोपर्डीच्या खटल्यात २९ नोव्हेंबर २०१७ रोजी तिघांना फाशी सुनावली गेली. त्या मुलीच्या आईसमोर बसून हे सारे बोलण्याची माझी छाती नाही; तिने दोर मागितला तर ती चुकली असे मी कधीही म्हणणार नाही. मागणे हा तिचा हक्क आहे. ते मान्य करायचे की नाही, हे ठरविताना सरकारने मात्र स्वतःचे दप्तर आधी तपासावे. आमच्या वसाहतीत पुन्हा असे निवेदन फिरले आणि त्यात मरेपर्यंतच्या जन्मठेपेची मागणी असली, तर मी सही करीन. फाशीच्या मागणीखाली मात्र आता माझी सही मिळणार नाही, आणि २०१६ची सही मी या लेखाने, तारखेनिशी, रेघ मारून रद्द करीत आहे.